एका मशीनवर दोन संसार

नर्सिंग कॉलेजातला मशीनवाला काही शिकूनसवरून मशीनवाला झालेला नव्हता. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले, ते राहिलेच. मग त्याने पंखे दुरुस्त केले, टेपरेकॉर्डर उघडले, कुणाच्या तरी दुकानात कॉम्प्युटर जोडायला शिकला आणि एक दिवस कॉलेजच्या प्रयोगशाळेत हरकाम्या म्हणून चिकटला. प्रिंटर अडला, बोलवा त्याला. नेट गेलं, बोलवा त्याला. असं करता करता पंधरा वर्षांत सगळं कॉलेज त्याच्या भरवशावर चालायला लागलं. कागदोपत्री मात्र तो अजून कंत्राटीच. दर अकरा महिन्यांनी नवा अर्ज, नवी सही. कुणी डिग्रीवाला समोर आला की हा आपसूक खुर्चीतून उठायचा, आणि घरी येऊन उगाचच बायकोवर चिडायचा.

कॉलेजला स्वतःची वेबसाइट हवी आणि सगळ्यांना कुठूनही उघडता येईल असा मेलही हवा, असं प्राचार्यांच्या मनात आलं तेव्हा बाहेरच्या एका कंपनीच्या माणसाने दोन मशीनं सांगितली. वेबसाइटला एक, मेलला दुसरं. वेबसाइट म्हणजे दुकानाची काच, तिथे जे मांडाल ते रस्त्यावरून दिसतं. मेल म्हणजे मागची खोली, दोन्ही एका छपराखाली नकोत, असं त्याचं म्हणणं. मीटिंगमध्ये आमचा मशीनवाला कोपऱ्यात उभा होता. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला, "साहेब, एका मशीनवर दोन्ही चालतं. सुखाने दोन संसार नांदतील." प्राचार्य खूश. कंपनीवाला खांदे उडवून निघून गेला. कॉलेजच्या म्हाताऱ्या शिपाईमामांनी त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, 'एकात-दोन'. नाव चिकटलं, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडलंही.

मशीन आलं. वेबसाइट लागली. मेलचं सॉफ्टवेअर चढवताना मात्र एके ठिकाणी गाडं अडलं. मेलला कुणी फाइल जोडली की ती आधी एका फोल्डरात जाऊन बसते आणि मग पुढे जाते. ते फोल्डर वेबसाइटच्या फोल्डरात ठेवू नका, असं सूचनांत ठळक अक्षरांत लिहिलं होतं. त्याने वाचलं नव्हतं अशातला भाग नाही, चांगलं दोनदा वाचलं होतं. पण बाहेर ठेवलं की मशीन 'परवानगी नाही' म्हणून हटून बसे. दुपारभर झटापट झाली. पाच वाजता प्राचार्य बघायला येणार होते. पावणेपाचला त्याने फोल्डर उचलून आत टाकलं, आणि मेल लोण्यासारखा चालू झाला. उद्या हलवू, असं तो स्वतःशी म्हणाला. पाठवून झालेल्या फाइलींच्या प्रती तिथून पुसायचं कामही त्याने उद्यावरच टाकलं. आता उद्या कधी कुणाच्या हाती लागलाय? चौदा महिने गेले.

परीक्षा विभागात एक टायपिस्टबाई होत्या. नोकरीची सव्वीस वर्षं, निवृत्तीला आठ महिने बाकी. लग्न केलं नव्हतं, घरी म्हातारी आई. कॉलेजातला प्रत्येक पेपर त्यांच्या हातून टाइप होऊन जायचा आणि सव्वीस वर्षांत एकाही पेपरचा वास बाहेर गेला नव्हता. पेपर पाकिटात घालायचा, लाखेचं सील करायचं आणि स्वतः चालत जाऊन ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, ही त्यांची रीत. टाइप करताना बिघडलेला कागदसुद्धा त्या टोपलीत टाकत नसत. टोपली कोण कुठे उलटी करेल सांगता येत नाही म्हणायच्या. त्याचे चार तुकडे करून पिशवीत घालून घरी न्यायच्या आणि बादलीत भिजवून लगदा करून टाकायच्या. सगळे हसत. बाई म्हणत, "हसा. तुमचं हसू माझ्या खर्चाने होतंय का?"

मेल आला तरी बाई पाकिटं घेऊन जिने चढतच राहिल्या. गुडघे दुखत होते. एकदा मशीनवाल्याच्या दारात टेकून धापा टाकत होत्या तेव्हा त्यानेच त्यांना समजावलं. "अहो बाई, कशाला जीव दमवता? मेल म्हणजे सीलबंद पाकीटच. लाखसुद्धा नको."

"कुणी उघडून बघत नाही ना, भाऊ?"

"माझ्यावर विश्वास आहे ना?"

"तुमच्यावर आहे हो. मशीनवर नाही." पण त्या शिकल्या. बाई त्याला भाऊ म्हणायच्या. त्याच्या मुलीला त्यांनी दोन उन्हाळे, रविवारी घरी बोलावून, दहा बोटांनी टाइप करायला शिकवलं होतं, आणि त्याचं काही घेतलं नव्हतं.

मग दुसऱ्या वर्षाचा औषधांचा पेपर फुटला.

कसं कळलं, तर एका प्रश्नात बाईंकडून टाइप करताना शंभर मिलिग्रॅमच्या जागी हजार पडलं होतं. औषधांच्या मॅडमना तपासायला म्हणून त्यांनी तो कच्चा पेपर मेलने पाठवला. मॅडमनी चूक दाखवली, बाईंनी दुरुस्त केली, छापील पेपरात शंभरच होतं. पण परीक्षेत अकरा मुलींनी उत्तर लिहिलं ते हजाराचं. म्हणजे त्यांनी पाठ केला होता तो कच्चा पेपर. तो होता दोघींकडेच. मॅडम आदला आठवडाभर परगावी, आणि त्यांनी तो पेपर छापूनही घेतला नव्हता. राहिलं कोण? मुलींना विचारलं तर प्रत्येकीला दुसरीने दिला होता आणि पहिली कुणीच नव्हती.

सहा तारखेला चौकशी बसली. प्राचार्य, दोन सदस्य, आणि जाणकार म्हणून मशीनवाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मीटिंगमध्ये खुर्ची मिळाली होती. त्याच महिन्यात त्याची कायम नोकरीची फाइलही वर गेली होती. प्राचार्यांनी त्याला एकच प्रश्न विचारला, "मशीनमधून पेपर बाहेर जाऊ शकतो का?"

"शक्यच नाही, साहेब," तो म्हणाला. त्या क्षणी त्याला खरंच तसं वाटत होतं. ते फोल्डर त्याच्या डोक्यातून केव्हाच गेलं होतं.

मग बाईंना विचारलं, बिघडलेले कागद कुठे टाकता? बाईंनी सांगितलं, घरी नेते. प्राचार्यांनी आणि दोन्ही सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. सव्वीस वर्षं जी रीत त्यांच्या इमानाची खूण होती, तीच त्यांच्या गळ्याशी आली. बाई सांगत होत्या की मी लगदा करते, बादलीत भिजवते, आई साक्षीला आहे. सदस्यांपैकी एकजण म्हणाला, "बाई, परीक्षेचे कागद घरी न्यायचे असा कुठला नियम आहे?" असा नियम कुठेच नव्हता. जाताना त्यांनी मशीनवाल्याकडे पाहिलं, मदत मागितल्यासारखं नव्हे, ओळखीचं माणूस दिसलं की पाहतो तसं.

संध्याकाळी घरी निघायच्या आधी, नुसतं अहवालाला जोडायला म्हणून, त्याने मशीनच्या नोंदी उघडल्या. बाहेरून कुणी काय उघडलं ते मशीन ओळीने लिहून ठेवतं. परीक्षेच्या तीन दिवस आधी एकाच फाइलीला त्रेचाळीस जण येऊन गेले होते. फाइलीचं नाव वाचलं आणि त्याची पाचावर धारण बसली. त्याने मोबाइलवर कॉलेजच्या वेबसाइटच्या पत्त्यापुढे त्या फोल्डराचं नाव टाकलं. समोर यादी उघडली. पासवर्ड नाही, काही नाही. चौदा महिन्यांत ज्याने ज्याने मेलला जे जे जोडलं, ते सगळं ओळीने मांडून ठेवलेलं. रजेचे अर्ज, पगाराच्या चिठ्ठ्या, कुणाच्या तरी घटस्फोटाचे कागद आणि औषधांचा कच्चा पेपर. दुकानाची काच म्हणाला होता ना कंपनीवाला? मागची खोली ह्याने स्वतःच्या हाताने उचलून काचेत आणून ठेवली होती.

सकाळीच त्या खुर्चीवर बसून 'शक्यच नाही' म्हणाला होता. तो उठला, दार लावलं, आणि फोल्डर बाहेर हलवलं. चौदा महिन्यांपूर्वी दुपारभर न जमलेलं काम वीस मिनिटांत जमलं. सगळ्या प्रती पुसल्या. नोंदींना हात लावला नाही. लावायची गरजच नव्हती. चार आठवड्यांहून जुन्या नोंदी मशीन आपली आपण पुसून टाकत असे. तशी सोय त्यानेच लावली होती. सतरा दिवस काही करायचं नव्हतं, नुसतं तोंड मिटून बसायचं होतं. लबाडी करायला निदान हात तरी हलवावे लागतात. ह्याला तेवढेही कष्ट नव्हते.

बाईंना परीक्षा विभागातून काढून ग्रंथालयाच्या मागच्या गोदामात बसवलं, पुस्तकांना नंबर चिकटवायला. त्यांचं मेल खातं बंद करायचा लेखी हुकूम आला आणि तो मशीनवाल्यानेच अमलात आणला. बटण दाबताना बोट थरथरलं म्हणावं तर तेही नाही. घरी मुलीला कुठून तरी कळलं. जेवताना ती म्हणाली, "बाबा, काकू असं करणार नाहीत. तुम्ही तर कमिटीत आहात, सांगा ना." बायको म्हणाली, "माणसाचं काही सांगता येत नाही, पण त्या बाईंचं मी लिहून देईन." हा म्हणाला, "तुम्हाला त्यातलं काय कळतं?" आणि अर्ध्या ताटावरून उठला. बायको बघत राहिली. माणूस चिडतो केव्हा, हे तिला एवढ्या वर्षांत चांगलं ठाऊक झालं होतं.

रोज कामावर आला की तो आधी नोंदी उघडून बघे. त्रेचाळीस ओळी जागच्या जागी. कधी वाटे, आजच कागदावर काढून प्राचार्यांपुढे टाकावं. मग कायम नोकरीची फाइल आठवे, कंपनीवाल्याचे उडवलेले खांदे आठवत, आणि डिप्लोमाचे ते दोन विषय. लोक म्हणतील, म्हटलंच होतं, हरकाम्या तो हरकाम्या. ग्रंथालयाकडून जायचं तो टाळायला लागला, पलीकडच्या जिन्याने वळसा घालून जाई. तेवीस तारखेला सकाळी नोंदी उघडल्या तेव्हा ओळी नव्हत्या. त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण आधी बरं वाटलं. हा क्रम तो पुढे कधी विसरू शकला नाही.

पंचवीस तारखेला दुपारी बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या. हातात टाइप केलेला एक कागद. वीस दिवसांत माणूस इतका सुकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"भाऊ, वेळ आहे का? माझं खातं बंद केलंय. हे तुमच्या मेलवरून प्राचार्यांना पाठवाल? ते म्हणाले, आजच्या आज मेलवर लेखी द्या, म्हणजे शेरा मारणार नाहीत, निवृत्तीचं सगळं नीट होईल."

त्याने वाचलं. एकही चूक नव्हती टायपिंगमध्ये. 'माझ्या हातून बिघडलेला कागद नजरचुकीने बाहेर गेला असावा, याबद्दल मी दिलगीर आहे.'

"बाई, असं झालंय का पण?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला.

बाई स्टुलावर बसल्या. "काय सांगू, भाऊ. आधी मी ठाम होते. आता रोज विचार करते. त्या दिवशी पिशवी बसमध्ये मांडीवर होती, की बाजूला ठेवली होती? चार तुकडे केले होते की तीनच? तुम्ही म्हणालात मशीनमधून जाऊ शकत नाही. तुम्ही कशाला खोटं बोलाल? मग राहिले कोण, मीच ना. आईला पण विचारलं, तर ती म्हणते तू वेंधळी कधीच नव्हतीस. पण आईचं काय धरायचं." त्या हसल्या. "सव्वीस वर्षं उगाच स्वतःला शहाणी समजत होते बघा."

'ठेवून जा, पाठवतो,' एवढंच म्हणाला. बाई उठल्या, दाराशी जाऊन पुन्हा वळल्या. "तुम्ही आहात म्हणून बरं. बाकी कुणी नीट बोलत नाही." आणि गेल्या.

तो कागद टेबलावर होता आणि हा माणूस त्याच्याकडे बघत बसला होता. फाशी द्यायची तर एकवेळ द्यावी. पण निरपराध माणसाने आपणहून गळा पुढे करावा, आणि वर आपल्यालाच दोर ओढायची विनंती करावी? तो उठला आणि कागद घडी करून खिशात घालून प्राचार्यांकडे गेला. सगळं सांगितलं. उभ्यानेच.

प्राचार्य ऐकून हसले. "तुमचं मन चांगलं आहे हो. बाईंनी तुमच्या मुलीला शिकवलंय, मला माहीत आहे. पण असं कुणासाठी अंगावर घेऊ नये. नोंदी दाखवा."

"पुसल्या गेल्या, साहेब. परवा."

"बघा. म्हणजे पुरावा नाही."

पुरावा नव्हता, कारण ह्याने तो सतरा दिवस मरू दिला होता. आयुष्यात पहिल्यांदा संपूर्ण खरं बोलला, तर लोक त्याला दयाळू समजत होते. ह्याहून मोठी थप्पड काय असते? तो म्हणाला, "मला दहा मिनिटं द्या, साहेब." खाली येऊन त्याने फोल्डर पुन्हा वेबसाइटच्या फोल्डरात ठेवलं. वर आला आणि म्हणाला, "आता तुमच्या मेलला काहीही जोडा आणि स्वतःलाच पाठवा." प्राचार्यांनी टाळाटाळ करत हाताला लागली ती फाइल जोडली. मशीनवाल्याने बाहेर बाकावर बसलेल्या शिपाईमामांना हाक मारली, त्यांच्या मोबाइलवर एक पत्ता टाकून दिला आणि सांगितलं, समोर दिसेल ते मोठ्याने वाचा.

मामांनी चष्मा चढवला. "रक्त तपासणीचा अहवाल," त्यांनी वाचलं. "साहेब, तुमची साखर दोनशे ऐंशी आहे. उपाशीपोटी."

दुसरी वेळ असती तर कॉलेजभर हसू फुटलं असतं. प्राचार्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मामांना बाहेर पाठवून दार लावून घेतलं. "किती दिवस असं उघडं होतं?"

"चौदा महिने."

"फक्त परीक्षेचं?"

"सगळ्यांचं सगळं."

प्राचार्यांनी पेपरवेट उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आदेश मी आजच काढतो. पण बाईंना तुम्ही सांगायचं. माझ्याकडून ते व्हायचं नाही. त्यांना लेखी द्या म्हणून मीच मागे लागलो होतो."

फोल्डर पुन्हा बाहेर हलवून, प्रत पुसून, तो ग्रंथालयाकडे निघाला. ह्या वेळी वळसा घातला नाही. गोदामात बाई डिंकाची बाटली घेऊन बसल्या होत्या. पुस्तकांचे दोन ढीग, मध्ये त्या. त्याने त्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगून टाकलं. पेपर मशीनमधून गेला. फोल्डर मी चुकीच्या जागी ठेवलं होतं. तुमच्या हातून कधीच काही गेलं नव्हतं. मी नालायक माणूस आहे, असंही म्हणाला. ते म्हणताना मात्र त्याला आतून वाटलं की आता बाई 'असू द्या हो भाऊ' म्हणतील. माणसाची आशा किती निलाजरी असते बघा.

बाईंनी डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. हात फडक्याला पुसले. एकच प्रश्न विचारला.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायची सोय होती. आजच कळलं, असं म्हटलं असतं तर जगात कुणी तपासू शकलं नसतं. नोंदी तर गेल्याच होत्या.

"चौकशीच्या दिवशी. संध्याकाळी," तो म्हणाला.

बाईंनी मनात हिशोब केला. "एकोणीस दिवस," त्या म्हणाल्या. मग आपला कागद उचलला, त्याचे चार तुकडे केले, पर्समधून पिशवी काढून त्यात घातले आणि पिशवीचं तोंड बांधलं. मग पुढचं पुस्तक ओढून घेतलं. तो थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला.

बाईंवर काही दोष नाही, असा आदेश निघाला आणि सूचना फलकावर लागला. ज्या अकरा मुलींनी हजार लिहिलं होतं त्यांची परीक्षा पुन्हा झाली. दुसरं मशीन आलं. कंपनीवाल्यानेच ते बसवलं आणि मशीनवाल्याने त्याला तारा धरून दिल्या. कायम नोकरीची फाइल परत आली; कंत्राट चालू राहिलं, कारण प्रिंटर अजून अडतच होता. शिपाईमामांनी 'एकात-दोन' म्हणायचं आपणहून सोडलं. बायकोला त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पोरीला तुम्हीच सांगा." त्यानेच सांगितलं. मुलगी दोन दिवस बोलली नाही. मग बोलायला लागली, पण रविवारी काकूंकडे जाऊन येते म्हणायची ते त्याच्याकडे न बघता.

बाई परीक्षा विभागात परतल्या. शेवटचे सात महिने त्यांनी एकही पेपर मेलने पाठवला नाही. पाकीट, लाख, सील, आणि दुखरे गुडघे घेऊन जिने. वाट मशीनवाल्याच्या दारावरून होती. पहिल्या दिवशी त्या दिसल्या तसा तो उठून उभा राहिला, डिग्रीवाल्यांसाठी उठायचा तसा. "बाई, द्या मी नेऊन देतो," असं म्हणून त्याने हात पुढे केला.

बाई थांबल्या. राग नव्हता चेहऱ्यावर. पाकीट त्यांनी दुसऱ्या हातात घेतलं.

"नको, साहेब," त्या म्हणाल्या. "मी नेते माझं."

पंधरा वर्षांत त्या कॉलेजात त्याला कुणी साहेब म्हटलं नव्हतं. बाई मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत, रोज भेटल्या की, साहेबच म्हणत राहिल्या.